२०२० साली क्षयरोग घटला की त्याचा शोध?

कृष्णाकाठ

दर वर्षी २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन पाळला जातो, कारण रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली याच तारखेला बर्लिनमध्ये क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. २०२० साली याच तारखेला रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदीची घोषणा झाली. त्यानंतरच्या महिन्यात देशभरातील क्षयरुग्णांची नोंद निम्म्याहून खाली गेली आणि वर्षअखेरीस आकडा सुमारे १८ लाखांवर थांबला. २०१९ मध्ये तो सुमारे २४ लाख होता. जगभरात नव्याने निदान झालेल्या रुग्णांची संख्या ७१ लाखांवरून ५८ लाखांवर आली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने या घटीतील ४१ टक्के वाटा एकट्या भारताचा होता.

हा विषय काढण्याचे कारण असे की, करोनाच्या काळात मास्कमुळे टीबीही कमी झाला, असे मत आजही बऱ्यापैकी शिकलेल्या माणसांकडून ऐकू येते. माझ्या मते त्या वर्षी कमी झाला तो रुग्णांचा शोध. तो शोध ज्या माणसांवर आणि ज्या यंत्रांवर उभा होता, ती माणसे आणि ती यंत्रे आपण सर्वांत आधी दुसऱ्या कामाला लावली.

मी निवृत्त होईपर्यंत क्षयरोग कार्यक्रमात प्रयोगशाळेचे काम पाहिले, त्यामुळे तेवढ्या भागाबद्दल तपशिलाने सांगू शकतो. थुंकीतून टीबीचा जंतू ओळखणारे सीबीनॅटचे यंत्र बहुतेक ठिकाणी चार कप्प्यांचे असते. एका कप्प्यात नमुन्याची एक कार्ट्रिज (बंद डबी) बसते आणि क्षयरोगाची एक तपासणी पूर्ण होण्यास सुमारे दोन तास लागतात. म्हणजे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेत, वीज गेली नाही आणि एखादा कप्पा बिघडलेला नसला, तर सोळा नमुने होतात. २०२० च्या एप्रिलपासून हीच यंत्रे करोनाच्या तपासणीसाठीही वापरली जाऊ लागली. बाळंतपणासाठी आलेली स्त्री किंवा तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी थांबलेला रुग्ण असला की करोनाचा अहवाल त्याच दुपारी हवा असे, आणि ते योग्यच होते. थुंकीची ट्यूब मात्र फ्रिजमध्ये थांबत असे, कारण क्षयरोगाला घाई नसते असे सगळ्यांनीच धरून ठेवले होते. रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही, हे या तपासणीतून पहिल्याच दिवशी कळते. ते उशिरा कळणे याचा अर्थ असा की बिघडलेल्या, म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या टीबीच्या रुग्णाला काही आठवडे साध्या टीबीच्या गोळ्या दिल्या जातात आणि त्या काळात तो घरच्यांना त्याच जातीचा जंतू देत राहतो.

माणसांचे म्हणाल तर टीबीएचव्ही (घरभेटी देणारे टीबी हेल्थ व्हिजिटर), वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक आणि लॅब टेक्निशियन यांच्यातले पुष्कळ जण कंत्राटी आहेत. हवेतून पसरणाऱ्या रोगापासून स्वतःला कसे जपावे, नमुना कसा हाताळावा, घरी जाऊन संपर्कातील माणसांची यादी कशी करावी, हे सारे त्यांना आधीपासून येत होते. महासाथीत नेमके हेच कौशल्य हवे होते, आणि म्हणून अनेक ठिकाणी पहिली मागणी यांचीच झाली. कार्यक्रमाचे नाव ‘सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम’ बदलून जानेवारी २०२० मध्ये ‘राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रम’ झाले होते. तीन महिन्यांत त्या नव्या नावाखाली काम करणारी निम्मी माणसे स्वॅब गोळा करत होती, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

ज्यांनी हा काळ रुग्ण म्हणून, डॉक्टर म्हणून किंवा गावपातळीवर पाहिला आहे, त्यांनी आपली निरीक्षणे अवश्य मांडावीत. मतभेद असल्यास तेही हवेच आहेत.

आलेख

लेख आवडला, परंतु निष्कर्षाला थोडा अडवतो. आकडेवारी हा माझा पेशा आहे, म्हणून ही किरकोळ वाटणारी शंका.

नोंद घटण्याची दोन कारणे असू शकतात. एक, रुग्ण तेवढेच होते, पण सापडले नाहीत. दोन, रुग्णच कमी झाले. आपण पहिले कारण गृहीत धरले आहे. मास्क, बंद पडलेल्या लोकल गाड्या, बंद शाळा आणि बंद कारखाने यांचा हवेतून पसरणाऱ्या रोगावर शून्य परिणाम झाला असेल, असे कसे म्हणता येईल? २०२० मध्ये क्षयरोगाचे मृत्यू जगभर वाढले, दशकाहून अधिक काळानंतर प्रथमच वाढले, हे जागतिक आरोग्य संघटनेचे विधान पुरावा म्हणून नेहमी पुढे केले जाते. परंतु ज्या देशांत नोंद फार घसरली, त्यांच्यासाठीचे ते अंदाज गणिती प्रतिमानातून (मॉडेलमधून) आलेले आहेत, आणि निदान कमी झाले की मृत्यू वाढतात हे त्या प्रतिमानाच्या मांडणीतच आहे. जे गृहीत धरले तेच निष्कर्ष म्हणून बाहेर आले, तर त्याला स्वतंत्र पुरावा म्हणता येत नाही. मे २०२० मध्ये स्टॉप टीबी पार्टनरशिप या आंतरराष्ट्रीय संस्थेने प्रसिद्ध केलेला अंदाजही, म्हणजे तीन महिन्यांची टाळेबंदी आणि दहा महिन्यांत हळूहळू पूर्वपदावर येणे असे धरल्यास २०२५ पर्यंत जगात ६३ लाख अधिक रुग्ण आणि १४ लाख अधिक मृत्यू, याच जातीचा होता. पुढे भारताने स्वतःचे प्रतिमान मांडले तेव्हा २०२२ सालच्या भारतातील मृत्यूंचा अंदाज ४.९४ लाखांवरून ३.३१ लाखांवर आणण्यात आला. एवढा मोठा फरक केवळ पद्धतीमुळे पडत असेल, तर आपण सावधपणे बोललेले बरे.

कृष्णाकाठ

आलेख, आपला आक्षेप रास्त आहे आणि मृत्यूंच्या अंदाजांचा आधार मी त्याच कारणासाठी घेतला नव्हता. माझा मुद्दा वेळेच्या हिशेबावर उभा आहे.

क्षयरोगाचा जंतू शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत काही महिने ते दोन वर्षे सहज जातात, आणि बहुसंख्य लोकांत तो जन्मभर सुप्त राहतो. एप्रिल २०२० मध्ये ज्याचे निदान व्हायला हवे होते, त्याला संसर्ग २०१९ मध्ये किंवा त्याही आधी झालेला होता. मार्चअखेर घातलेल्या मास्कमुळे एप्रिलचे रुग्ण कमी होऊ शकत नाहीत. मास्कचा उपयोग झाला असेल तर तो २०२१-२२ मध्ये दिसायला हवा, आणि तेव्हा तर नोंद चढत गेली: २०२१ मध्ये २१ लाखांहून अधिक, २०२२ मध्ये २४ लाखांहून अधिक आणि २०२३ मध्ये सुमारे २५.५ लाख. शिवाय मास्क घराबाहेर लावला जातो. मुंबईत गोवंडीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे दिवसरात्र कोंडली गेली, तिथे खोकणारा एक माणूस आधी दिवसाचे दहा तास कामावर असे, तो आता चोवीस तास घरात होता. बाहेरचा प्रसार घटला आणि घरातला वाढला, या दोहोंची वजाबाकी मी करू शकत नाही, पण तिचे उत्तर घटच आहे असे म्हणणाऱ्यानेही ती केलेली नसते.

प्रतिमान नको असेल तर प्रत्यक्ष पाहणीचाही आधार आहे. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय क्षयरोग प्रादुर्भाव सर्वेक्षण झाले, ज्याचे काम करोनामुळे मध्येच थांबवावे लागले होते. त्यात लक्षणे असलेल्या लोकांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांनी कोठेही उपचार घेतलेले नव्हते असे आढळले, आणि जे रुग्ण सापडले त्यांतले ४० टक्क्यांहून अधिक केवळ छातीच्या एक्स-रेमुळे सापडले, म्हणजे त्यांना सांगण्यासारखे लक्षणच नव्हते. दवाखाने उघडे आहेत म्हणून टीबीचे रुग्ण आपणहून चालत येत नाहीत. कोणीतरी उंबऱ्यापर्यंत जावे लागते, आणि त्या वर्षी तो जाणारा माणूसच नव्हता.

तालुक्याचा_डॉक्टर

खासगी दवाखान्याच्या बाजूने लिहितो, कारण ती बाजू सरकारी आकड्यांत नेहमी अपुरी येते. २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही क्षयरुग्णाची नोंद कळवणे बंधनकारक आहे, तरीही ही नोंद शेवटी त्या डॉक्टरचा दवाखाना उघडा असण्यावर अवलंबून असते. टाळेबंदीच्या सुरुवातीच्या आठवड्यांत आमच्या तालुक्यातील कित्येक दवाखाने बंद होते. जे उघडे होते तेथे खोकला असलेल्या रुग्णाला दारातूनच सरकारी रुग्णालयाचा रस्ता दाखवला जात असे, आणि रुग्ण तेथे जात नसे, कारण खोकला आहे म्हटले की आपल्याला उचलून विलगीकरणात नेतील आणि घराला फलक लावतील, ही भीती सार्वत्रिक होती. खोकला लपवणे हीच त्या वर्षातली सर्वांत मोठी सामाजिक सवय झाली होती. मेडिकलच्या दुकानातून पाच दिवसांचे अॅझिथ्रोमायसिन आणि खोकल्याचे औषध नेणाऱ्यांची संख्या मी रोज पाहत होतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. खोकला, ताप, अशक्तपणा आणि वजन घटणे ही लक्षणे दोन्ही आजारांत येतात. करोनातून उठलेला माणूस दोन महिन्यांनी संध्याकाळच्या तापाची तक्रार घेऊन आला, तर तो करोनानंतरचा त्रास म्हणून सोडून दिला जाई. त्यात अनेकांना स्टेरॉइड मिळालेले असे, कित्येकांना गरजेपेक्षा अधिक दिवस. मधुमेही रुग्णाला स्टेरॉइड दिले की सुप्त जंतू जागा होण्याची जोखीम वाढते, हे आम्ही सगळे पुस्तकात शिकलो होतो. स्टेरॉइडचा धोका म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, गाजावाजा करून दाखवून दिला. टीबीने गाजावाजा केला नाही, एवढाच फरक. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्राने करोनाच्या रुग्णाची टीबीसाठी आणि टीबीच्या रुग्णाची करोनासाठी तपासणी करावी अशी सूचना काढली होती. सूचना उत्तम होती, पण दुसऱ्या लाटेत खाट मिळवण्यासाठी नातेवाईक रात्रभर फिरत असताना थुंकीची तपासणी कोण करणार?

न्यायाने एक गोष्ट उलट बाजूचीही सांगतो. त्या दीड वर्षात छातीचे सीटी स्कॅन इतके झाले की करोनाचा स्कोअर पाहण्यासाठी काढलेल्या फोटोत फुप्फुसाच्या वरच्या भागातली पोकळी अचानक दिसून काही जणांचा टीबी लवकर सापडला. अर्थात हे ज्यांना सीटी परवडत होता त्यांच्याबाबत.

रानवाट

आमच्या घरात हा काळ माझ्या दिरांच्या आजारपणात गेला. त्यांना आधी ठरावीक दिवशी केंद्रावर जाऊन गोळ्या घ्याव्या लागत. टाळेबंदीत महिन्याभराच्या गोळ्या एकदम हातात मिळाल्या आणि आशाताई फोनवरून चौकशी करत. खरे सांगायचे तर त्यांना ते सोयीचे गेले आणि त्यांचा कोर्स पूर्ण झाला. त्यामुळे सगळेच बिघडले असे मला वाटत नाही. देखरेख नसली की रुग्ण गोळ्या सोडतो, हा समज थोडा तपासून पाहायला हवा.

कृष्णाकाठ

रानवाट ताई, आपले निरीक्षण मोलाचे आहे आणि त्याला जुना आधारही आहे. मद्रासमध्ये १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात झालेल्या अभ्यासात घरी राहून औषध घेणारे रुग्ण सॅनेटोरियममधील (क्षयरुग्णांच्या निवासी रुग्णालयातील) रुग्णांइतकेच बरे होतात असे दिसले, आणि त्यानंतर जगभर सॅनेटोरियमचे महत्त्व ओसरले. औषध हातात असलेला आणि घरी कोणी विचारणारे असलेला रुग्ण बहुधा कोर्स पूर्ण करतो. टाळेबंदीत हाल झाले ते मुख्यतः दोन प्रकारच्या लोकांचे: ज्यांचे निदानच झाले नव्हते त्यांचे, आणि ज्यांचा पत्ता बदलला त्यांचे.

बालाघाट

पत्ता बदललेल्यांबद्दल मी लिहिते. मी बीड जिल्ह्यात आशा गटप्रवर्तक म्हणून काम करते. आमच्याकडची निम्मी गावे दिवाळीनंतर ओस पडतात आणि माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. टाळेबंदी लागली तेव्हा हंगाम संपत आला होता आणि ही सगळी माणसे कारखान्यांच्या तळावर कोप्यांमध्ये (झोपड्यांमध्ये) अडकली. एप्रिलच्या मध्यानंतर त्यांना परतण्याची परवानगी मिळाली.

निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर रुग्णाची नोंद असली की त्याला देशात कोठेही औषध मिळते, असे आम्ही प्रशिक्षणात ऐकतो, आणि कागदावर ते खरेही आहे. प्रत्यक्षात कोपीवरच्या बाईने तिथल्या आरोग्य केंद्रात जायचे म्हटले तर एक दिवसाची तोड बुडते. कोयत्याची उचल, म्हणजे तोडीसाठी आधी घेतलेले पैसे, नवरा-बायको दोघांच्या नावावर असते. एक जण बसला की मुकादम खाडा धरतो. टाळेबंदीत तर रस्त्यावर पोलीस होते आणि हातात कागद नव्हता. आमच्या एका रुग्ण बाईने संपत आलेल्या गोळ्या पुरवाव्यात म्हणून एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली होती. तिला कोणी तसे सांगितले नव्हते. घरात तेल संपत आले की जसे बेताने वापरतात तसे तिने केले. गावी आली तेव्हा तिचे वजन आधीपेक्षा कमी भरले, आणि थुंकी पुन्हा तपासायला पाठवायची तर नमुने नेणारी गाडी बंद होती.

पोषण आहाराच्या पैशांचेही लिहायला हवे. निक्षय पोषण योजनेतून तेव्हा महिन्याला ५०० रुपये मिळत (नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले). खाते आधारला जोडलेले नसेल तर ते अडकत, आणि बँकेत जाऊन ते जोडण्याची सोय त्या महिन्यांत नव्हती. मोफत धान्य आले त्याने पोट भरले, पण गहू-तांदळाने या आजारात अंग भरत नाही; डाळ, अंडी, दूध लागते.

कृष्णाकाठ

बालाघाट ताई, आपण शेवटी लिहिलेला मुद्दा माझ्या मूळ लेखात यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. भारतात क्षयरोग होण्यामागे सर्वांत मोठा धोक्याचा घटक कुपोषण हाच आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘राशन्स’ या अभ्यासात रुग्णांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसांचा पाठपुरावा केला गेला. ज्या घरांत सगळ्यांना पुरेसे धान्य आणि डाळ देण्यात आली, तेथे नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, आणि फुप्फुसाच्या सांसर्गिक प्रकाराचे ४८ टक्क्यांनी कमी आढळले. हा परिणाम कोणत्याही लशीशी तुलना करावी असा आहे. त्यामुळे रोजगार बुडून ताट आटले त्याचा परिणामही नोंदीत उशिरानेच उमटणार, हे धरून चालावे लागेल.

जुवारी

मी गोव्याचा. चर्चेत ट्रूनॅट या टीबी तपासणीच्या दुसऱ्या यंत्राचा उल्लेख आला पाहिजे असे वाटते, कारण ते यंत्र तयार करणारी मोलबायो ही कंपनी मूळ आमच्याकडची. यंत्र बॅटरीवर चालते, त्याला वातानुकूलित खोली लागत नाही, त्यामुळे जिथे सीबीनॅट ठेवता येत नाही अशा प्राथमिक आरोग्य केंद्रातही ते चालते. करोनासाठी म्हणून देशभर ही यंत्रे मोठ्या प्रमाणात घेतली गेली आणि साथ ओसरल्यावर ती टीबीच्या कामाला आली. महासाथीने टीबी कार्यक्रमाकडून उसने घेतले हे खरे, पण जाताना काही ठेवूनही गेली. २०२२ नंतर नोंद एवढ्या लवकर वर आली त्यात या यंत्रांचा वाटा असणारच.

कृष्णाकाठ

जुवारी, यंत्रे राहिली हे खरे, आणि त्यांचा उपयोगही होतो आहे. पण यंत्राला तपासणीसाठी चिप लागते, चिपला पैसे लागतात आणि चालवायला माणूस लागतो. मार्च २०२४ मध्ये कोणतीही महासाथ नसताना टीबीच्या गोळ्यांचा तुटवडा झाला आणि केंद्राला राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास सांगावे लागले. क्षयरोगमुक्तीसाठी २०२५ ची मुदत मार्च २०१८ मध्ये दिल्लीत जाहीर झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतातील नव्या रुग्णांचे वार्षिक प्रमाण २०१५ मध्ये दर लाखी २३७ होते, ते २०२३ मध्ये १९५ झाले. ही घट जगाच्या सरासरीपेक्षा चांगली आहे, परंतु ८० टक्के घटीच्या उद्दिष्टापुढे फारच अपुरी आहे. या अपुरेपणाचे सगळे खापर करोनावर फोडता येणार नाही. पुढच्या साथीसाठी माझी मागणी अगदी मर्यादित आहे: प्रत्येक क्षयरोग पथकातील एक टेक्निशियन, एक टीबीएचव्ही आणि यंत्राचे ठरावीक कप्पे कोणत्याही आदेशाने काढून घेता येणार नाहीत, असे आत्ताच, शांततेच्या काळात लिहून ठेवावे.

आलेख

वेळेच्या हिशेबाचा मुद्दा मला पटला. एप्रिलची घसरण मास्कमुळे झालेली नाही. तरी २०२२-२३ ची वाढ म्हणजे सगळी राहिलेली थकबाकी, असेही मानू नये. त्या काळात शोधमोहिमा वाढल्या आणि खासगी नोंदही सुधारली, म्हणजे पूर्वी जे सापडलेच नसते असे रुग्णही आता आकड्यात आले. उशीर झाला होता की नाही, हे तपासण्याची एखादी थेट पद्धत आहे का? निदान झाले त्या दिवशी आजार किती पुढे गेला होता, याची कोठे नोंद होते का?

कृष्णाकाठ

होते. सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीत जंतूंच्या संख्येनुसार स्कॅन्टी (अगदी थोडे), १+, २+, ३+ अशी चढती श्रेणी लिहिली जाते. उशिरा सापडलेल्या रुग्णांत ३+ चे प्रमाण वाढलेले दिसायला हवे. २०१९ च्या दुसऱ्या सहामाहीची प्रयोगशाळा नोंदवही आणि २०२१ च्या दुसऱ्या सहामाहीची नोंदवही शेजारी ठेवून नव्या रुग्णांतले ३+ चे शेकडा प्रमाण काढले, तर एका तालुक्यापुरते उत्तर मिळू शकेल. अडचण एवढीच की त्या दोन वर्षांत बरेच नमुने सूक्ष्मदर्शकाऐवजी थेट यंत्रावर जाऊ लागले, त्यामुळे दोन्ही काळांत सूक्ष्मदर्शकाचेच काम चालू राहिलेली केंद्रे निवडावी लागतील.

बालाघाट

आमच्या ग्रामीण रुग्णालयात तशा दोन्ही वर्षांच्या वह्या कपाटात आहेत. जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घेऊन, नावे वगळून फक्त वय, तारीख आणि श्रेणी एवढेच उतरवून घेता येईल का, हे सोमवारी विचारते. आलेख, रकाने कसे आखायचे ते आपण इथेच लिहून ठेवा.